अपस्मार असलेल्या किशोरवयीन मुलांचे लक्ष, स्मरण आणि नियोजन : मराठवाड्यातील पालकांसाठी ऑनलाइन मदतीचे मार्गदर्शन

अपस्माराच्या फिट्स औषधांनी आटोक्यात आल्या की घरचे निश्चिंत होतात. पुढे मूल आठवी-नववीत जाते, विषय वाढतात, प्रत्येक शिक्षक वेगळा गृहपाठ देतो, आणि चौथीपर्यंत ज्याला सारे जमत होते तेच मूल वही विसरू लागते, सांगितलेल्या तीन कामांपैकी एकच करते, प्रश्नपत्रिका अर्धी सोडून उठते. शाळेत त्याला आळशी ठरवतात. घरी मोबाइलला दोष दिला जातो. लक्ष टिकवणे, ऐकलेले थोडा वेळ मनात धरून ठेवणे, कामांचा क्रम लावणे आणि उतावळेपणा आवरणे ही मेंदूची कार्ये मात्र अपस्मार असलेल्या पुष्कळ मुलांमध्ये कमकुवत असतात, आणि एरवी बुद्धी चांगली असलेल्या मुलांमध्येही असू शकतात.

यावर मदत करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसशास्त्रीय तपासणी व समुपदेशन करणारे तज्ज्ञ, बहुतेक मोठ्या शहरांत असतात. किनवटहून नांदेडला किंवा आष्टी-पाटोद्याहून छत्रपती संभाजीनगरला दर आठवड्याला जायचे म्हणजे एकाची मजुरी आणि दुसऱ्याची शाळा बुडणार, आणि असे उपचार दोन-तीन भेटींनंतर आपोआप सुटतात. व्हिडिओ कॉलवरून होणारी मदत या ठिकाणी खरोखर उपयोगी पडते. तिच्याकडून काय अपेक्षा करावी, हे आधी स्पष्ट असावे. मोबाइलवर खेळ खेळून स्मरणशक्ती वाढत नाही. खेळातले गुण वाढतात, पण ती वाढ वहीपर्यंत आणि परीक्षेपर्यंत पोहोचते याचा भक्कम पुरावा नाही. उपयोग होतो तो रोजच्या अडचणीवर युक्ती शोधण्याचा, ती आठवडाभर वापरण्याचा आणि जाणकार माणसाबरोबर तिचा आढावा घेण्याचा.

अमेरिकेतील सिनसिनाटी येथील बालरुग्णालयात १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी तयार झालेला ‘एपिलेप्सी जर्नी’ हा कार्यक्रम याच पद्धतीचा आहे : मूल संकेतस्थळावरील पाठ स्वतः पाहते आणि त्यावर व्हिडिओ कॉलवर समुपदेशकाशी बोलते. डार्टमथ येथे विकसित झालेला ‘हॉबस्कॉच’ हा कार्यक्रम मुख्यतः प्रौढांसाठी असून तो बराचसा फोनवर चालतो. हे दोन्ही इंग्रजीत आहेत आणि जसेच्या तसे आपल्या मुलांना देण्यासारखे नाहीत. तरी त्यांची रीत साधी आहे आणि मराठी बोलणाऱ्या समुपदेशकाला ती वापरता येते.

आधी दोन आठवडे नोंदी

समुपदेशक शोधण्याआधी एक साधी वही करावी. तिच्या पहिल्या पानावर औषधांची नावे, मात्रा आणि वेळा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून उतरवाव्यात. त्यापुढे रोज चार गोष्टी लिहाव्यात : फिट आली का आणि किती वेळ टिकली, औषध चुकले का, मूल किती वाजता झोपले व उठले, आणि त्या दिवशी नेमके काय विसरले किंवा अर्धवट राहिले. “लक्ष नसते” या शेऱ्यातून कोणालाच काही कळत नाही. “आईने दूध, पीठ आणि मेणबत्ती आणायला सांगितली, दुकानातून फक्त दूध आणले” या नोंदीतून समुपदेशकाला कामाचा धागा मिळतो. शाळेतली दोन-तीन उदाहरणे वर्गशिक्षकांकडूनही मागून घ्यावीत.

फिट आल्यास मुलाला सांभाळायला एक माणूस असेल, तर दुसऱ्याने मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे. विशेषतः मूल काही क्षण टक लावून थिजते, हाक मारली तरी ऐकत नाही आणि नंतर जणू काही घडलेच नाही असे वागते, अशा प्रसंगाचे चित्रीकरण फार मोलाचे असते. वर्गात ‘लक्ष नाही’ म्हणून ज्याची तक्रार होते, ती कधी कधी लहान फिटच असते आणि तिला युक्त्यांची नव्हे, औषधाची गरज असते.

मग डॉक्टर, समुपदेशक नंतर

पालक हा टप्पा बऱ्याचदा गाळतात आणि मग महिनोन्महिने चुकीच्या दिशेने मेहनत करत राहतात. विचारशक्ती मंदावण्याची काही कारणे सुधारता येण्याजोगी असतात, आणि ती डॉक्टरांनाच शोधता येतात. फिट्स अजून चालू असतील तर आधी त्या थांबल्या पाहिजेत. फिनोबार्बिटोनसारख्या जुन्या औषधाने मूल मंद किंवा उलट चंचल होऊ शकते, टोपिरामेटमुळे काही मुलांना बोलताना शब्द आठवत नाही, लेव्हेटिरासिटॅममुळे काहींची चिडचिड फार वाढते. मात्रा जास्त झाली तर सतत झोप येते, एकाचे दोन दिसतात किंवा चालताना तोल जातो. यांपैकी काही दिसले तर ते डॉक्टरांना सांगावे, पण मनाने गोळी बंद करू नये, कारण अचानक औषध थांबल्यास न थांबणारी फिट येऊ शकते आणि ती जिवावर बेतते.

झोपेविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. किशोरवयात सुरू होणाऱ्या अपस्माराच्या एका प्रकारात सकाळी उठल्यावर हात झटकतात, हातातला चहाचा कप उडतो, आणि जागरणानंतर मोठी फिट येते. याच वयात आपल्याकडची मुले लातूरला किंवा नांदेडला नीटच्या क्लाससाठी खोली घेऊन राहतात, रात्री दीड-दोनपर्यंत अभ्यास करतात आणि पहाटे पुन्हा उठतात. लातूर पॅटर्नने मराठवाड्यातील हजारो मुलांना डॉक्टर केले हे खरे आहे. अपस्मार असलेल्या मुलाला मात्र ते वेळापत्रक परवडणारे नाही. झोप तुटली की फिटचा धोका वाढतो आणि वाचलेले मेंदूत पक्के होण्याची क्रियाही बिघडते. क्लास लावायचाच असेल, तर सात-आठ तास सलग झोप ही अट आधी घालावी आणि मग अभ्यासाचे तास मोजावेत.

मनःस्थितीही तपासून घ्यावी. अपस्मार असलेल्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंता इतर मुलांपेक्षा अधिक आढळतात, आणि उदास मूलही विसराळू दिसते. मूल जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल, तर कोणत्याही कार्यक्रमाची वाट न पाहता १४४१६ या टेली मानस क्रमांकावर फोन करावा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास मिळते आणि मराठीत बोलता येते.

या सगळ्यासाठी प्रत्येक वेळी प्रवास करावा लागतोच असे नाही. ई-संजीवनी या सरकारी सेवेवर घरच्या मोबाइलवरून डॉक्टरांशी बोलता येते, किंवा गावाजवळच्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत वरच्या डॉक्टरांशी जोडून घेता येते. मार्च २०२० च्या केंद्रीय टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार अल्पवयीन मुलाच्या सल्ल्याच्या वेळी मोठे माणूस सोबत असावे लागते. प्रत्येक वेळी मेंदूविकारतज्ज्ञच मिळेल असे मात्र धरून चालू नये. पहिले निदान, ईईजी (मेंदूतील विद्युतलहरींची तपासणी) आणि औषधातील मोठा बदल यांसाठी छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय किंवा नांदेड, लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये अशा ठिकाणी प्रत्यक्ष जाणेच योग्य. शाळेत तपासणीला येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढे पाठवू शकते आणि फिट्सचे आजार त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत, त्यामुळे मुख्याध्यापकांकडे त्या पथकाच्या भेटीची तारीख विचारून ठेवावी.

समुपदेशक कसा निवडावा

व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, हे नोंदणी क्रमांक मागून पाहावे. तो मागण्यात कोणताही उद्धटपणा नाही. त्यानंतर तीन प्रश्न विचारावेत : अपस्मार असलेल्या मुलांबरोबर पूर्वी काम केले आहे का, सत्र मराठीत होईल का, आणि आमच्या डॉक्टरांशी तुम्ही बोलाल का. घरची भाषा बंजारा किंवा दखनी असेल तर तेही पहिल्याच फोनवर सांगावे. परक्या भाषेत घेतलेल्या चाचणीत मूल खरे आहे त्यापेक्षा कमी दिसते, आणि असा चुकीचा अहवाल एकदा फाइलला लागला की तो वर्षानुवर्षे मुलाच्या मागे लागतो. सविस्तर बौद्धिक चाचणी शक्यतो एकदा प्रत्यक्ष भेटीत करून घ्यावी आणि पुढची सत्रे ऑनलाइन घ्यावीत. पैसा आणि अचूकता या दोन्ही दृष्टींनी मला हीच वाटणी योग्य वाटते.

अमुक दिवसांत स्मरणशक्ती दुप्पट करण्याची हमी देणारी ॲप आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग यांच्यापासून लांब राहावे. अपस्मार कायमचा बरा करू असे सांगून चालू गोळ्या थांबवायला लावणाऱ्याच्या तर दारातही उभे राहू नये.

कॉलची तयारी

दर आठवड्याला एकच वार आणि एकच वेळ ठरवावी. शेतीचा आणि भारनियमनाचा विचार करून वेळ निवडावी, कारण वीज जाते त्याच तासाला सत्र ठेवले तर दोनदा मोडते आणि तिसऱ्यांदा कोणी बसत नाही. मोबाइल आदल्या रात्री पूर्ण चार्ज करावा, मांडीवर न धरता भिंतीला किंवा डब्याला टेकवून ठेवावा, आणि आदल्या आठवड्यातच छोटा कॉल करून रेंज कोणत्या खोलीत येते ते पाहावे. चित्र अडखळू लागले तर व्हिडिओ बंद करून आवाजावर बोलणे पुढे चालू ठेवावे, सत्र रद्द करू नये. घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो वडिलांबरोबर शेतात जात असेल, तर हे आधीच सांगावे. साध्या फोनवरूनही युक्त्यांचे बरेचसे काम होते.

सत्राच्या पहिल्या दहा मिनिटांत पालकाने बसावे आणि नंतर मुलाला एकटे बोलू द्यावे, मात्र हाकेच्या अंतरावर राहावे. पंधरा वर्षांच्या मुलीला आजोबा आणि तीन भावंडे समोर बसलेली असताना परीक्षेची भीती सांगता येत नाही. इअरफोन असल्यास उत्तम.

स्क्रीनमुळे फिट येईल अशी भीती बहुतेकांना वाटते. लुकलुकत्या प्रकाशाने फिट येणे हा त्रास अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनाच असतो, परंतु तो मुलांमध्ये आणि किशोरवयात अधिक आढळतो. म्हणून ईईजी करताना प्रकाशाची चाचणी केली होती का आणि तिचा निष्कर्ष काय, हे डॉक्टरांना विचारावे. त्रास असल्यास उजेड असलेल्या खोलीत स्क्रीन थोडी लांब ठेवून बसावे, आणि झगमगते चित्र आल्यास एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा.

कॉल चालू असताना फिट आली तर काय करायचे, हे पहिल्याच सत्रात लिहून ठेवावे. समुपदेशकाकडे घराचा पूर्ण पत्ता, जवळची खूण आणि शेजाऱ्याचा फोन नंबर असावा. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, दातखिळी उघडू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकली किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, तर १०८ ला फोन करावा.

प्रत्यक्ष काम : एका वेळी एकच अडचण

सत्रांचा गाभा हा आहे. समजा, परळीजवळच्या गावातली नववीतली मुलगी दर आठवड्याला विज्ञानाची प्रयोगवही घरी विसरते. समुपदेशकाने “लक्षात ठेवत जा” म्हणून उपयोग नाही, कारण लक्षात राहत नाही हीच तर तिची अडचण आहे. वही नेमकी कुठे सुटते, हे तिने स्वतः शोधायचे. रात्री लिहून झाल्यावर वही पलंगावर राहते, आणि सकाळी पाणी भरण्याच्या घाईत दप्तर आहे तसे उचलले जाते, असे तिच्या ध्यानात येते. मग तिने सुचतील तेवढे उपाय लिहायचे, वेडगळ वाटणारेही. वही शाळेतच ठेवणे, मैत्रिणीने फोन करणे, दप्तर रात्री भरणे, सकाळचा गजर लावणे. प्रत्येकाची सोय आणि गैरसोय पाहून एक निवडायचा. येथे दप्तर रात्री भरणे सर्वांत सोपे ठरते, आणि ते रात्रीच्या गोळीला जोडता येते : गोळी घेतली की पाणी पिण्याआधी दप्तर पाहायचे. गोळी रोज ठरलेल्या वेळी घेतली जाते, त्यामुळे नव्या सवयीसाठी वेगळी आठवण लागत नाही. आठवडाभर करून पाहायचे आणि पुढच्या कॉलला काय जमले, काय नाही, ते सांगायचे. जमले नाही तर मुलगी चुकली असे मानायचे नसते; उपाय बदलायचा असतो. दुसरी अडचण घेण्याची घाई करू नये, पहिली सवय रुळण्याची वाट पाहावी.

या पद्धतीत पालकांचे काम आहे तितकेच कठीण. मुलीने निवडलेला उपाय आपल्याला पसंत नसला तरी एक आठवडा तो चालू द्यावा लागतो. “मी म्हटलं होतं ना” हे वाक्य गिळावे लागते. वडिलांनी शिस्तीचा आग्रह धरला आणि मुलीच्या यादीवर आपली यादी लादली, की मुलगी कॉलवर हो म्हणते आणि प्रत्यक्षात काहीच करत नाही.

बहुतेक मुलांना काही ठरावीक युक्त्या लागू पडतात. सूचना एका वेळी एकच द्यावी आणि मुलाने ती आपल्या शब्दांत परत सांगावी. डोक्यात साठवण्याचा हट्ट सोडून भिंतीवरचा मोठा कागद, खिशातली छोटी वही आणि मोबाइलचा गजर यांवर भार टाकावा; चष्मा लावण्याइतकीच ही साधी गोष्ट आहे आणि तिला कुबडी म्हणून हिणवू नये. अभ्यास वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत करावा आणि मध्ये पाच मिनिटे उठून चालावे. धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल ते बोलावे किंवा लिहावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन-चार दिवसांनी आणि मग आठवड्याने. आठवण्याचा हा प्रयत्न सुरुवातीला त्रासदायक वाटतो, तरी पाठ पक्का होतो तो यानेच. उतावीळ मुलासाठी प्रश्नपत्रिकेवर उत्तर लिहिण्याआधी प्रश्नातील मुख्य शब्दाखाली रेघ मारण्याची सवय पुरेशी असते. औषधासाठी आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी घ्यावी, कारण ‘गोळी घेतली की नाही’ हा वाद डबी उघडताच मिटतो.

बीड, धाराशिव, जालना भागातील ऊसतोड कुटुंबांबाबत एक वेगळी सूचना. दिवाळीच्या सुमारास कुटुंब कारखान्यावर निघाले की मुलाचे औषध आणि शाळा दोन्ही तुटतात. निघण्याआधी ई-संजीवनीवर किंवा रुग्णालयात जाऊन जास्तीत जास्त दिवसांची औषधे व चिठ्ठीचा फोटो घ्यावा, आणि सत्राची वेळ फडावरून परतल्यानंतरची ठेवावी. मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ मागे राहणार असेल, तर गोळ्यांची डबी, १०८ आणि प्रथमोपचार हे तिथल्या एका जबाबदार माणसाला प्रत्यक्ष करून दाखवावे. प्रवासात ठिकाण बदलले तरी समुपदेशक तोच राहतो. ऊसतोड कामगाराच्या मुलाला हा लाभ दवाखान्यात जाऊन क्वचितच मिळाला असता.

शाळेशी बोलणे

युक्त्या घरीच राहिल्या तर अर्धे काम वाया जाते. समुपदेशकाकडून एका पानाचे मराठी पत्र घ्यावे आणि त्यात निदानाची सविस्तर चर्चा न करता गरजा लिहाव्यात : पुढच्या बाकावर जागा, फळ्यावर लिहिलेला गृहपाठ, फिट आल्यास करायची कृती, औषधाने सुस्ती येत असेल तर पहिल्या तासाला सवलत. वर्गात काय आणि किती सांगायचे, हे मुलाला विचारून ठरवावे. फिट येणे हा बाहेरचा त्रास किंवा संसर्ग आहे असे मानणारी माणसे अजून आहेत, आणि त्याची झळ मुलींना अधिक बसते.

दहावी-बारावीच्या सवलतींचा विचार नववीतच सुरू करावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अपस्माराचे नाव स्वतंत्रपणे नाही, पण दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक दिव्यांगत्व हे प्रकार आहेत. मुलाची स्थिती त्यांपैकी एखाद्यात बसते का, हे जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांचे मंडळ ठरवते. प्रमाणपत्र मिळाल्यास जादा वेळ किंवा लेखनिक यांसाठीचा अर्ज शाळेमार्फत विभागीय परीक्षा मंडळाकडे जातो. लातूर, नांदेड व धाराशिव हे जिल्हे लातूर मंडळात येतात आणि मराठवाड्यातील उरलेले छत्रपती संभाजीनगर मंडळात.

फरक पडतो आहे का

साधारण आठ ते दहा आठवड्यांनी पहिल्या पंधरवड्याची वही उघडावी आणि तीच उदाहरणे पुन्हा तपासावीत. गुणपत्रिकेत लगेच फरक दिसेलच असे नाही; वही विसरणे कमी झाले, सकाळची भांडणे कमी झाली, मूल स्वतःहून गजर लावू लागले, तर सत्रे चालू ठेवावीत आणि हळूहळू पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर न्यावीत. काहीच बदलले नाही तर समुपदेशकाशी स्पष्ट बोलावे आणि डॉक्टरांकडून फिट्स, औषध व झोप पुन्हा तपासून घ्यावी. आणि येणारे वाचन, येणारी गणिते अचानक येईनाशी झाली, बोलणे अडखळू लागले, चालणे किंवा वागणे झपाट्याने बदलले, तर तो ऑनलाइन सल्ल्याचा विषय राहत नाही. मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

सोळाव्या-सतराव्या वर्षापासून डॉक्टरांच्या कॉलवर औषधांची नावे आणि मात्रा पालकांनी न सांगता मुलाने सांगाव्यात, नोंदींची वही त्यानेच लिहावी, आणि संपत आलेल्या गोळ्यांचा हिशेब त्याच्याकडे द्यावा. अठराव्या वर्षानंतर बालरोग विभागातून मोठ्यांच्या विभागात फाइल जाते. त्या वेळी जुन्या चिठ्ठ्या, ईईजीचे अहवाल, मानसशास्त्रीय चाचणीचा अहवाल आणि कोणत्या युक्त्या लागू पडल्या त्याचे एक पान, असा एकत्र संच करून त्याच्या स्वतःच्या मोबाइलमध्येही साठवून द्यावा.